परतीचा आकडा

व्हिसा नाकारला तर कारण लेखी द्यायचं, असा कायदा ज्यांनी केला त्यांची लग्नं झालेली नसावीत. झालेली असती तर त्यांनी नुसतं 'नाही' म्हणायचा जुना रिवाज चालू ठेवला असता आणि माझ्या ऑफिसात रडणाऱ्यांसाठी वेगळी खुर्ची ठेवायची पाळी आली नसती.

मी कपिल मगदूम. सांगलीत विश्रामबागला माझं व्हिसाचं ऑफिस आहे. लोकांना परदेशी फिरायला जायचं असतं, मी त्यांचे कागद करतो. पूर्वी हे खरोखर कागदांचंच काम होतं. बँकेचं पुस्तक, घराचा उतारा, नोकरीचं पत्र. त्या सगळ्या गठ्ठ्याचा अर्थ एकच असायचा, की साहेब, हा माणूस तुमच्याकडे राहणार नाही, परत येईल. तुम्ही तिकडे काय बघणार याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. तुम्ही परत येणार का, एवढंच त्यांना हवं असतं.

कागद खोटे करता येतात. आम्ही करायचोही. मग चार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका थंड देशाने कागद बंद केले आणि टोपी आणली. देशाचं नाव लिहीत नाही, माझा अजून त्यांच्याशी धंदा आहे.

टोपीचं शास्त्र मी गिऱ्हाइकांना समजावतो ते असं. आपला मेंदू पुढच्या क्षणी काय ऐकू येईल, कोण दिसेल, याचा अंदाज सतत बांधत असतो. तो अंदाज घराच्या मापाने बेतलेला असतो, कारण आयुष्य तिथंच गेलेलं असतं. आता तुम्हाला अनोळखी खोलीत बसवलं, डोळ्यांसमोर परदेशातला रस्ता उभा केला आणि मध्येच कानात तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी सोडली, तर अंदाज आणि समोरचं दृश्य यांच्यात फट पडते. ती बुजवायला शरीर आपोआप निघायची तयारी करतं. पायाचे स्नायू किंचित ताणले जातात, नाडी बदलते, मेंदूच्या खोल भागात रक्त धावतं. टोपीतल्या ध्वनिलहरी कवटीच्या आत शिरून ते रक्त मोजतात. या धावेला आम्ही परतीची ओढ म्हणतो. ती आकड्यात येते. किमान पंचावन्न आला की व्हिसा.

यात दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, आकडा उणेही येतो. आवाज ऐकून शरीराने उलट्या दिशेला पळायची तयारी केली की उणे. तासगावच्या एका गृहस्थांना सख्ख्या भावाच्या आवाजावर उणे बारा आले होते. दोघं एकाच घरात राहायचे, अजून राहतात. दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची आहे. टोपीला ओढ मोजता येते, कशाची ओढ ते कळत नाही. प्रेम, सवय, भीती, काळजी, सगळ्यांचं रक्त एकाच वाटेने धावतं.

अर्जदाराने घरचे चार 'बंध' सांगायचे, त्यांचे आवाज आम्ही रेकॉर्ड करून पाठवायचे. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याचा किंवा बायकोचा आवाज सक्तीचा. जोडप्याला एकत्र जाता येत नाही. बंधच बरोबर गेला तर माणूस परत कशाला येईल? एकाने मागे राहायचं. निकालात प्रत्येक बंधाचा आकडा वेगळा छापून येतो, कारण तो लेखी कारणांचा कायदा.

शैलाबाई नेर्लेकर माझ्याकडे आल्या तेव्हा मी खुर्चीतून उठलो. एरवी मी कुणासाठी उठत नाही. पण मी साडेतीन वर्षांचा असताना याच बाईंनी मला अंगणवाडीत मांडीवर घेऊन खिचडी भरवली होती. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं केली, गरोदर बायकांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, आणि समोर गिळल्याशिवाय एकीलाही दारातून हलू दिलं नाही.

"कप्या, जाड झालायस," त्या म्हणाल्या. "जुईला पाचवा लागलाय. मला तिच्याकडे जायचंय."

जुई त्यांची एकुलती एक मुलगी, त्या थंड देशात नोकरीला. तिचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, सहा आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. बाळंतपणाच्या तारखेला तो तिकडेच असणार होता.

"बाळंतपणाचा वेगळा व्हिसा नाही का रे?"

"नाही बाई. टूरिस्ट म्हणूनच जायचं. तिकडे काय बघणार असं विचारलं तर धबधबे म्हणायचं."

"मी पोरीला बघणार," बाई म्हणाल्या. "तिच्या वेळी माझी आई नव्हती. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते मी. जुईवर ती वेळ येऊ द्यायची नाही मला."

मागे त्यांचे यजमान उभे होते. विलासकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. चांगला माणूस म्हणतात तसा माणूस.

आवाज घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. घराचा आवाज म्हणून फाटकाची कडी आणि कुकर घेतला. परसातला हापसा घेतला. शेजारच्या गल्लीतल्या अंगणवाडीत जाऊन पोरांचा जेवणाआधीचा गलका आणि ताटल्यांचा खडखडाट घेतला. मग काकांसमोर माइक धरला.

"काय बोलू?" काका म्हणाले.

"रोज बाईंशी जे बोलता ते."

काका विचारात पडले. छताकडे बघितलं, चष्मा पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "पेपर कुठाय?"

मी आणखी थोडं बोला म्हटलं. त्यांना काही सुचेना. स्वयंपाकघरातून बाई हसल्या. तेच दोन शब्द मी पाठवून दिले.

पुण्याच्या केंद्रावर परीक्षा झाली आणि आठवड्याने निकाल माझ्या टेबलावर आला. दोघं समोर बसले होते. मी पाकीट फोडलं आणि मनात म्हटलं, हे एकट्या बाईंना द्यायला हवं होतं. पण तोवर काकांनी हात पुढे केला होता.

घर पंधरा. हापसा चार. अंगणवाडी सोळा. पती तीन. एकूण अडतीस. नामंजूर.

काकांनी कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. "तीन?" त्यांनी मला विचारलं, जणू मीच दिलेत. "हापश्याला चार आहेत."

बाईंचा चेहरा पडला, पण तो अडतीसावरून. "आता कसं रे कप्या? जुईला काय सांगू मी?"

"शैला, तीन आलेत," काका म्हणाले.

"अहो, मी काही मुद्दाम केलं का? तुम्ही वाईट आहात असं कुठं म्हणालंय कोण? चाळीस वर्षं झाली. तुमच्यावाचून माझं काही अडलं नाही कधी, एवढंच."

बाई हे सहज बोलल्या. दुखवायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी नियम समजावून सांगितला. तीस दिवसांनी एकदा फेरपरीक्षा देता येते. पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्यांदा नाकारला गेलात की पाच वर्षं बंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होतो तर काका पायरीवर बसलेले. चालण्याचे बूट पायात, डोळे सुजलेले.

"वाढवता येतो का रे आकडा?"

इथे मी माझी चूक सांगून टाकतो. मला आठवड्यात असे पंधरा लोक विचारतात. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, ते त्यांनाही दिलं. प्रेम वाढवायला वेळ लागतो काका, काळजी एका दिवसात वाढते. टोपीला फरक कळत नाही.

"म्हणजे?"

"तुम्ही फार ठणठणीत आहात."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते चक्क हसले.

मिरजेच्या एका डॉक्टरचं काम मी पूर्वी केलं होतं, त्याने माझं केलं. बाईंना समोर बसवून त्याने सांगितलं की काकांच्या हृदयाची झडप निकामी होत आलीय, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, जपलं तर वर्षं निघतील, नाही जपलं तर काही सांगता येत नाही. चालणं बंद, जिना बंद, मीठ बंद. गोळ्या मी आणल्या. मेडिकलवाल्याला म्हटलं, अपाय न करणारं पण दिसायला गंभीर असं काहीतरी दे. त्याने लाल, चकचकीत गोळ्या दिल्या. मी त्या पाकिटातून सोडवून काचेच्या बाटलीत भरल्या. डॉक्टरने बजावलं की पेशंटने बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, रोज स्वतः मोजून घ्यायची, मन खंबीर राहतं. बाईंनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. अंगणवाडीची सवय.

बाहेर आल्यावर त्यांनी काकांचा दंड धरला. त्या दोघांना मी असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

ठरलं होतं ते एवढंच. व्हिसा मिळेपर्यंत बाईंना काळजीत ठेवायचं. विमानतळावर, विमानात चढण्याआधी पाच मिनिटांची फेरतपासणी असते, तीही पार पडू द्यायची. बाई विमानात बसल्या की काकांनी फोन करायचा आणि खरं सांगायचं. त्या चिडतील, तिकडे पोचेपर्यंत निवळतील, नातवंड हातात आल्यावर विसरून जातील. हा हिशोब माझा होता आणि मला तो चांगला वाटला होता.

फेरपरीक्षेला मी तीच जुनी ध्वनिफीत पाठवली. "पेपर कुठाय?" टोपी घातलेल्या बाईंच्या कानात ते दोन शब्द पडले आणि पुण्याच्या त्या खोलीत त्यांचं सगळं अंग सांगलीकडे निघालं.

घर पंधरा. हापसा चार. अंगणवाडी सोळा. पती चव्वेचाळीस. एकूण एकोणऐंशी. मंजूर.

काकांनी कागद हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चव्वेचाळीस," ते म्हणाले. "घरापेक्षा जास्त. सगळ्यांपेक्षा जास्त." त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि त्याच दिवशी लॅमिनेट करून आणला. बाईंनी मात्र कागदाकडे बघितलंच नाही. त्या काकांच्या कपाळाला हात लावून बघत होत्या.

जायची ठरलेली तारीख पाच आठवड्यांवर आली. जुईला सातवा सरत आला होता. आणि बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "कप्या, तिकीट काढू नकोस. मी जात नाही."

मी कारण विचारलं.

"यांना असं टाकून कशी जाऊ? काल हापश्यापाशी वाकले तर माझ्या छातीत धस्स झालं. जुईला सांगितलंय मी. रडली. पण ती तरणी आहे, तिकडं दवाखाने चांगले. इथं यांचं कोण आहे?" बोलता बोलता त्याही रडायला लागल्या. "चाळीस वर्षं मी या माणसाकडं नीट बघितलंसुद्धा नाही रे. पेपर मागायचे, मी द्यायचे. आता बघतेय तर म्हातारा झालाय."

टोपी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा कोपरा बघितलेला नाही. आकडा कमी असला तर माणूस परत येत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. फार चढला तर माणूस जातच नाही, हे त्यांच्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

मी तडक काकांकडे गेलो. बाई बाजारात गेल्या होत्या. काका आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसलेले, अंगावर शाल, हाताशी सोललेलं डाळिंब. तब्येत उत्तम दिसत होती.

"काका, सांगून टाका त्यांना."

"सांगितलं तर विमानतळावर आकडा पडंल. तूच म्हणालास."

"मग सगळं सांगू नका. थोडं सांगा. डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, धोका अर्ध्यावर आलाय. तुमच्या बहिणीला महिनाभर बोलवून घ्या. बाकीच्या तीन बंधांचे पस्तीस आहेत, वर वीस लागतात. चव्वेचाळीसातले वीस ठेवा काका, बाकीचे सोडा. बाई जातील, आणि तपासणीतूनही पार पडतील."

काकांनी डाळिंबाचे चार दाणे तोंडात टाकले. खिडकीच्या कडेला तो लॅमिनेट केलेला कागद उभा करून ठेवला होता, देवांच्या तसबिरीशेजारी.

"वीस," ते म्हणाले.

"पुरतात."

"तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग तुला काय कळायचंय. सकाळी उठलो तर ती माझा श्वास बघत बसलेली असते. माझ्या ताटात मीठ नाही म्हणून तीपण अळणी जेवते. काल माझी नखं काढली तिनं." त्यांनी मला बोटं दाखवली. "आयुष्यात पहिल्यांदा मी या घरात कुणीतरी आहे, कपिल."

"जुई एकटी आहे काका. तुमची पोर आहे ती."

"होईल सगळं नीट. बायका बाळंत होतात." त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली. "आणि मी कुठं तिला थांब म्हणतोय? मी रोज म्हणतो, तू जा. ती जात नाही."

ते म्हणायचे हे खरं होतं. शेजाऱ्यांनी ऐकलंय. "तू जा, माझं काय," असं म्हणायचे आणि छातीवर हात ठेवायचे.

मी बाईंना सांगू शकलो असतो. फाटकापाशी भेटल्याच मला, पिशवीत बिनमिठाचा पाव. पण मी सांगितलं असतं तर डॉक्टर अडकला असता, माझं नाव त्या देशाच्या यादीतून गेलं असतं, ऑफिस बंद झालं असतं. मी "येतो बाई" म्हणालो आणि निघालो. यापेक्षा हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि कागद तर मी पुष्कळ खोटे केलेत.

जुईला मुलगी झाली. आधी खूप रक्त गेलं. आठ दिवस ती अतिदक्षता विभागात होती, बाळाला दवाखान्यातल्या परक्या बायकांनी पाजलं. नवरा फलाटावर वादळात अडकलेला. शुद्धीवर आल्यावर तिने आईला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आई, मी तुला हाका मारत होते." नंतर तिचे फोन रविवारी यायला लागले, तीन मिनिटांचे. मग एक रविवार सोडून. बाळ दाखवायची ती, स्वतः कॅमेऱ्यासमोर येत नसे. व्हिसाची सहा महिन्यांची मुदत संपली.

मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा बाई पुन्हा ऑफिसात आल्या. खुर्चीत बसल्या, पिशवीतून काचेची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ओळखतोस?"

मी ओळखली.

"कऱ्हाडला भाच्याच्या घरभरणीला गेले हे. भाच्याची गाडी हळूहळू जाते म्हणून मी जाऊ दिलं. बाटली विसरून गेले. एस.टी.नं मागोमाग जाऊन देऊन येते म्हटलं. गोळ्या पुरत्या आहेत का बघायला झाकण उघडलं." त्यांनी एक लाल गोळी तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. "एकतीस वर्षं कप्या. गल्लीतल्या एकेका पोटुशीच्या हातावर ही गोळी ठेवलीय मी. तुझ्या आईच्यासुद्धा. रक्त वाढायची गोळी आहे ही. गरोदरपणातली."

मेडिकलवाल्याने काय दिलं ते मी वाचलंही नव्हतं. माझ्या घरात ती गोळी अजून आलेली नाही, मला ती ओळखू यायचं कारण नव्हतं. सगळ्या सांगलीत जी बाई ती अंधारातसुद्धा ओळखेल, तिच्याच घरात मी ती नेऊन ठेवली होती.

"माझी पोर तिकडं रक्तावाचून पांढरी पडत होती," बाई म्हणाल्या, "आणि तिचा बाप इथं रोज सकाळी तिची गोळी खात होता."

"बाई, मी..."

"मिरजेला जाऊन आले मी. डॉक्टर दोन मिनिटांत बोलला. तुझं नाव घेतलं त्यानं."

मी खाली बघितलं. अंगणवाडीत सांडलं की बघायचो तसं.

"काकांना बोललात?" मी शेवटी विचारलं.

"नाही."

"का?"

"बोलले तर रडतील. पाया धरतील. मग मला माफ करावं लागेल." बाईंनी गोळी परत बाटलीत टाकली. "बाटली आता माझ्याकडं असते. रोज सकाळी आठला मी देते. समोर उभी राहून. मीठ बंद आहे, चालणं बंद आहे, चहापण बंद केलाय परवापासून. खूश आहेत. फॉर्म भर. मला जुईकडं जायचंय."

"आता आकडा येणार नाही बाई. नवऱ्याचा आवाज सक्तीचा आहे. नाकारलं तर पाच वर्षं बंदी."

"दुसरा रस्ता आहे?"

"नाही."

"मग भर. पोरीला कळू दे की आई दारापर्यंत आली होती."

काकांना त्यांनी नातीच्या पहिल्या वाढदिवसाचं कारण सांगितलं. काका उत्साहाने तयार झाले. "या वेळी पन्नास ओलांडतील बघ," असं ते मला हळूच म्हणाले. नवा आवाज घेऊ का विचारलं तर म्हणाले, "जुनाच असू दे, लकी आहे."

तेच दोन शब्द पुण्याला गेले.

निकाल आला त्या दिवशी बाई एकट्या वर आल्या. काका खाली विजेच्या स्कूटरवर थांबले होते, कारण जिना बंद. बाईंनी पाकीट माझ्या हातातून घेऊन स्वतः फोडलं. मी उलट्या बाजूने वाचलं.

घर सहा. हापसा चार. अंगणवाडी सोळा. पती उणे एकतीस. एकूण उणे पाच. नामंजूर. पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. खाली कायद्याप्रमाणे कारण छापलं होतं: अर्जदार परत येण्याची शक्यता दिसत नाही.

"बरोबर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आले नसते मी परत." त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हणजे बघ कप्या, यांच्यापाशी राहायचं नाही म्हणून मला जाऊ देत नाहीत. आणि जाऊ देत नाहीत म्हणून यांच्यापाशी राहायचं."

मी काहीतरी बोललो. अपील वगैरे. त्यांनी ऐकलं नाही. पाच वर्षांनी नात सहा वर्षांची असेल, असं त्यांनी बोटांवर मोजलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या रडणाऱ्यांच्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्या उभ्या पदराने डोळे पुसले आणि जिना उतरल्या.

मी खिडकीपाशी गेलो. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खालचं सगळं ऐकू येतं.

"किती आला?" काकांनी विचारलं.

बाईंनी कागद दिला. काकांनी एकूण बघितलंच नाही, बोट थेट स्वतःच्या ओळीवर नेलं. बराच वेळ बोट तिथंच होतं.

"यंत्र बिघडलं असेल, शैला."

"नाही हो. यंत्र बरोबर आहे."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडून एक लाल गोळी काकांच्या तळहातावर ठेवली, दुसऱ्या हातात पाणी दिलं. "आज गडबडीत राहिली होती."

काकांनी गोळीकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. मग मान वर करून खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं. मी बाजूलासुद्धा होऊ शकलो नाही.

"शैला, ऐक तरी..."

"आधी गोळी घ्या," बाई म्हणाल्या, आणि ते गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.